फिरणाऱ्या मोटरची सरळ रेघ

घरच्या घरी सीएनसी राउटर बांधायला घेतला, की टेबलावर सामान जमू लागतं. अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप, सरकपट्ट्या, बेअरिंगं, मोटरी, वायरी. या सगळ्या पसाऱ्यात स्वतःहून सरळ रेषेत चालणारी एकही वस्तू नसते. सरकपट्टीवरचा ठोकळा सरळ सरकतो, पण त्याला कुणीतरी ढकलावं लागतं. मोटरमध्ये ढकलायची ताकद असते, पण तिला फक्त गोल फिरता येतं. तरीही या यंत्राकडून आपली अपेक्षा असते, की त्यानं सागवानी फळीवर केसाच्या जाडीइतकीही न चुकता रेघ ओढावी, नेमका गोल कापावा, देव्हाऱ्याच्या जाळीतली प्रत्येक पाकळी सारखी उतरवावी.

राउटर म्हणजे मिनिटाला दहा-वीस हजार फेरे घेणारं कापायचं हत्यार. सुतार ते हातात धरून फळीच्या कडा गोल करतो, खाचा पाडतो. सीएनसी राउटरमध्ये तेच हत्यार एका चौकटीवर बसवलेलं असतं आणि संगणकानं दिलेल्या आकड्यांप्रमाणे ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली फिरतं. यातल्या प्रत्येक दिशेला किमान एक मोटर, आणि मोटरच्या फिरण्याचं सरळ चालीत रूपांतर करणारा एक दुवा. हा दुवा आट्यांचा दांडा असू शकतो, त्याच दांड्याचा गोळ्या भरलेला प्रकार म्हणजे बॉल स्क्रू असू शकतो, दातेरी पट्टा असू शकतो किंवा रॅक आणि पिनियन असू शकतो.

यंत्र बांधणारा प्रत्येक जण विचारतो, यांतलं सगळ्यात चांगलं काय? त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं. हे चारही दुवे मोटरच्या त्याच एका फेऱ्याचा वेगवेगळा हिशोब देतात, आणि प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं थोडा चुकतो. कोणती चूक आपल्या कामाला चालण्यासारखी आहे, हे ओळखलं की निवड झालीच. आणि ते ओळखताना दोन-अडीचशे वर्षांची यांत्रिक बुद्धी आपल्यासमोर उलगडत जाते.

दोनशे पावलांचा एक फेरा

सुरुवात मोटरपासून करू. घरगुती यंत्रात बहुधा स्टेपर मोटर असते. तिच्या आत चुंबकाचा एक दांडा असतो आणि त्याच्या दोन टोकांना लोखंडी दातेरी टोप्या. प्रत्येक टोपीवर ५० दात, आणि एका टोपीचे दात दुसरीच्या फटींसमोर येतील अशी त्यांची बसवणूक. भोवती तारेची वेटोळी. वेटोळ्यांतला प्रवाह ठरावीक क्रमानं बदलला, की आतला दांडा एका दाताच्या अंतराचा चौथा हिस्सा पुढे सरकतो आणि तिथेच घट्ट थांबतो. पन्नास दात, प्रत्येकाचे चार भाग: एका फेऱ्यात २०० पावलं, आणि एक पाऊल १.८ अंशांचं.

या मोटरला डोळे नाहीत. नियंत्रकानं दोनशे स्पंद पाठवले की एक फेरा झाला, असं गृहीत धरून सगळं काम चालतं. हत्याराला फळीत फार जोर लागला आणि एखादं पाऊल चुकलं, तर ते कुणालाच कळत नाही. तिथून पुढची सगळी नक्षी तेवढी सरकलेली उमटते. फिरणं मोजणारा एन्कोडर जोडलेल्या मोटरी मिळतात, त्यांना ही चूक कळते. पण साध्या मोटरीवरही हजारो यंत्रं नीट चालतात, कारण बांधणाऱ्यानं तिच्यावर तिच्या कुवतीहून जास्त भार पडू दिलेला नसतो.

पावलं पाठवणारा मेंदूही थक्क करणारा आहे. सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या प्रोग्रामरनं २००९ साली जीआरबीएल नावाची प्रणाली लिहिली. ती आर्डुइनो उनो या तळहाताएवढ्या बोर्डावर चालते. त्यातल्या चिपचा वेग १६ मेगाहर्ट्‌झ, प्रोग्रामसाठी जागा ३२ किलोबाइट. एवढ्यात ती तीन अक्षांची गणितं करते, वळणावर वेग कमी-जास्त करते आणि सेकंदाला तीस हजारांपर्यंत स्पंद पाठवते. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून निघालेलं आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र १९५२ साली अमेरिकेत एमआयटीनं लोकांना दाखवलं, तेव्हा त्याच्या नियंत्रणासाठी शेकडो निर्वात नळ्या लागल्या होत्या.

मोटरचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. ती हळू फिरताना सगळ्यात ताकदवान असते. वेग वाढला की वेटोळ्यांत प्रवाह पूर्ण चढायच्या आतच तो बदलायची वेळ येते, आणि ताकद घसरत जाते. म्हणून तर मोटरला प्रवाह पुरवणाऱ्या ड्रायव्हरला २४ ऐवजी ३६ किंवा ४८ व्होल्ट देतात, म्हणजे प्रवाह लवकर चढतो. थोडक्यात, आपण निवडलेला दुवा या मोटरला किती वेगानं पळायला लावतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

दांड्याभोवती गुंडाळलेला चढ

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर मळसूत्र होऊन चढत जाते. स्क्रू म्हणजे एवढंच, दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. घाटातला रस्ता डोंगराला वेढे घालत जातो तेव्हा अंतर वाढतं आणि चढ सौम्य होतो, त्यामुळे भरलेला ट्रकही वर पोचतो. स्क्रूही तेच करतो. मोटर लांबचा वाटोळा प्रवास करते, नट थोडासाच पुढे जातो, आणि त्या बदल्यात जबरदस्त जोर मिळतो.

हा जोर मोजून पाहू. मोटर १ न्यूटन-मीटरचा पीळ देते असं समजा. मध्यम आकाराच्या, म्हणजे नेमा २३ मापाच्या मोटरकडून बेताच्या वेगाला ही अपेक्षा रास्त आहे. एका फेऱ्यात नट ५ मिलिमीटर पुढे सरकवणारा चांगला बॉल स्क्रू तिला जोडला, तर सरळ दिशेनं सुमारे ११०० न्यूटन जोर मिळतो. म्हणजे ११० किलोंहून जास्त वजनाइतका. तळहातावर मावणाऱ्या मोटरकडून! शिवाय मोटरचं एक पाऊल म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसरा भाग.

पण हे आटे अचूक कापले कुणी? ही गोष्ट मला यंत्रांच्या इतिहासातली सगळ्यात विलक्षण वाटते. अचूक स्क्रू कापायला अचूक यंत्र हवं, आणि अचूक यंत्र बनवायला अचूक स्क्रू हवा. लंडनमध्ये १८०० च्या आसपास हेन्री मॉडस्लेनं आटे कापायचं लेथ उभं केलं. त्यात हत्यार धरणारा ठोकळा एका लांब स्क्रूच्या जोरावर सरकत असे. कामाचा दांडा आणि हा स्क्रू गिअरनं जोडलेले, त्यामुळे जुन्या आट्यांवरून नवे आटे जन्माला येत. गिअर बदलले की वेगळ्या अंतराचे आटे. मॉडस्लेच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांची प्रमाण मापं सुचवली. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नसे.

पुढचं पाऊल अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंड यांना प्रकाशाचे रंग वेगळे करण्यासाठी आरशावर अतिशय जवळजवळ रेघा ओढायच्या होत्या. त्यासाठी जवळपास निर्दोष स्क्रू हवा होता. त्यांनी स्क्रूवर एक लांब नट चढवला, मध्ये तेल आणि बारीक कुरुंदाची पूड घातली, आणि नट पुन्हा पुन्हा उलटसुलट करून दोघांना एकमेकांवर घासत ठेवलं. नट अनेक आट्यांना एकाच वेळी धरतो. जिथे आटा जाड तिथे जास्त घासलं जातं, बारीक तिथे कमी. अशी एकेक चूक इतरांच्या सरासरीत विरून जाते, आणि दोन सदोष वस्तूंतून दोघींपेक्षाही नेमकी वस्तू तयार होते. १८८० च्या दशकात रोलंड यांच्या यंत्रानं इंचाला १४,४३८ रेघा ओढल्या, म्हणजे एका मिलिमीटरात साडेपाचशेहून जास्त. आज आपण बाजारातून आणलेल्या स्क्रूच्या मागे ही सगळी परंपरा उभी आहे.

साधा लीड स्क्रू म्हणजे चौरसाच्या जवळ जाणाऱ्या समलंब आट्यांचा दांडा आणि त्यावर पितळी किंवा प्लास्टिकचा नट. स्वस्त, शांत, धुळीची फारशी पर्वा न करणारा. पण आटे एकमेकांवर घासतात, आणि मोटरनं दिलेल्या ताकदीपैकी बरेचदा तिसरा हिस्साच कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. याच घर्षणाचा एक फायदा आहे. चढ सौम्य असेल तर नट ढकलून स्क्रू उलटा फिरत नाही. वीज गेली तरी वर-खाली जाणारं जड हत्यार जागेवर राहतं. थ्रीडी प्रिंटरमुळे घराघरांत पोचलेला ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रू मात्र याला अपवाद आहे. त्यावर चार आटे शेजारी शेजारी धावतात, एका फेऱ्यात नट ८ मिलिमीटर जातो, चढ तीव्र होतो आणि ही आपोआप पकडायची ताकद ओसरते.

लीड स्क्रूची चूक म्हणजे बॅकलॅश, वर्कशॉपमध्ये ज्याला प्ले म्हणतात. नट आणि आटे यांच्यात किंचित मोकळी जागा असल्याशिवाय नट फिरणारच नाही. दिशा बदलली की ती मोकळी जागा भरून निघेपर्यंत मोटर फिरते, पण हत्यार हलत नाही. गोल कापून पाहिलं की ही चूक डोळ्यांना दिसते. परिघावर बरोबर चार ठिकाणी, जिथे एकेका अक्षाची दिशा उलटते, तिथे बारीकशी पायरी उमटते. स्प्रिंगनं दोन नट विरुद्ध दिशांना दाबून ठेवले की ही जागा मिटते, पण घर्षण वाढतं.

घासण्याऐवजी लोळणं

बॉल स्क्रूनं घर्षणाचा प्रश्न मुळातून सोडवला. इथे आटे टोकदार नसून अर्धगोल खोबणी असतात, नटाच्या आतही तशाच खोबणी, आणि दोहोंच्या मध्ये पोलादी गोळ्यांची रांग. स्क्रू फिरला की गोळ्या लोळत पुढे जातात, नटाच्या टोकाला पोचल्या की आतल्या एका वळणमार्गानं मागे येतात आणि पुन्हा रांगेत लागतात. नट कितीही अंतर गेला तरी त्याच मूठभर गोळ्या घुमत राहतात. अमेरिकी मोटारींच्या स्टिअरिंगमध्ये १९४० च्या दशकापासून हीच रचना वापरात आली. ताकदीपैकी सुमारे ९० टक्के पुढे पोचते. आणि रोलंड यांच्या लांब नटासारखाच इथेही अनेक गोळ्यांवर भार वाटला जातो, त्यामुळे खोबणीतल्या बारीकसारीक उणिवा सरासरीत विरतात.

घरगुती यंत्रांत सगळ्यात जास्त दिसणारा बॉल स्क्रू १६०५ किंवा १६१० नावाचा असतो. जाडी १६ मिलिमीटर, आणि एका फेऱ्याला चाल ५ किंवा १०. सी ७ दर्जाचा स्क्रू ३०० मिलिमीटरला साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत चुकतो. ही चूक दर वेळी त्याच जागी तशीच येते, म्हणून ती मोजून बरीचशी आकड्यांत दुरुस्त करता येते.

मात्र घर्षण गेलं तसा त्याचा आधारही गेला. वीज बंद झाल्यावर हत्यार फिरवणारा जड स्पिंडल बॉल स्क्रूला उलटा फिरवून खाली येऊ शकतो. चाल जितकी मोठी, तितका हा धोका जास्त. म्हणून उभ्या अक्षाला लहान चालीचा स्क्रू घेतात किंवा ब्रेकची मोटर लावतात. आणि लाकडाचा भुसा! गोळ्यांच्या मार्गात एमडीएफची पिठासारखी धूळ शिरली, की ती तेलात मिसळून लगदा होते आणि गोळ्या अडखळू लागतात. नटाला पुसणारे वायपर आणि स्क्रूवर झाकण, हा खर्च यंत्राच्या हिशोबात पहिल्यापासून धरायला हवा.

सगळ्या स्क्रूंची खरी मर्यादा मात्र लांबीची आहे. लांब दांडा वेगानं फिरवला, की एका विशिष्ट वेगाला तो मधोमध वाकून घुमू लागतो, आणि पूर्ण चौकट थरथरते. एका टोकाला घट्ट पकडलेला आणि दुसऱ्या टोकाला नुसता आधार दिलेला १६ मिलिमीटरचा बॉल स्क्रू एक मीटर लांब असेल, तर सुरक्षित मर्यादा मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांची येते. लांबी दोन मीटर केली की मर्यादा निम्मी होत नाही, चौथा हिस्सा होते, म्हणजे जेमतेम ५००. लांबीचा वर्ग इथे हिशोबात येतो. ५ मिलिमीटर चालीला मिनिटाला दहा मीटर धावणारं हत्यार अडीच मीटरवर येतं. यावर एक सुंदर तोड निघाली आहे. स्क्रू दोन्ही टोकांना घट्ट आवळून स्थिर ठेवायचा आणि नटच फिरवायचा. दांडा फिरतच नाही, मग घुमणार कसा?

दात असलेला पट्टा

१९४० च्या दशकात अमेरिकेत गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस यांनी दातेरी पट्टा घडवला, तो शिलाई मशीनसाठी. सुई आणि खालची बॉबिन यांची लय एका टाक्यानंही चुकून चालत नाही, आणि साधा पट्टा घसरतो. म्हणून रबराच्या पट्ट्याला आतून दात आणि ताण सोसायला आत न ताणले जाणारे धागे. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीनं आपल्या मोटारीच्या इंजिनात तो बसवला, आणि टायमिंग बेल्ट हा शब्द गॅरेजमध्ये रुळला.

आजच्या छोट्या यंत्रांत जीटी २ पट्टा असतो. दातांमधलं अंतर २ मिलिमीटर. वीस दातांची पुली एका फेऱ्यात पट्टा ४० मिलिमीटर ओढते. बॉल स्क्रूचे ५ आणि पट्ट्याचे ४०! वेग आठपट, पण आपल्या त्याच १ न्यूटन-मीटरच्या मोटरकडून जोर मिळतो सुमारे १५७ न्यूटन, १६ किलोंच्या वजनाइतका. एक पाऊल म्हणजे ०.२ मिलिमीटर. ड्रायव्हर प्रवाहाचे भाग पाडून पावलाचे सोळा तुकडे करू शकतो. पण त्या सोळाव्या तुकड्यासाठी उपलब्ध ताकद मोटरच्या धरून ठेवायच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी असते. कागदावरची ती बारीकी भाराखाली सगळी उतरत नाही.

पट्ट्याची चूक ताणाची आहे. कितीही मजबूत धागे घातले तरी पट्टा शेवटी स्प्रिंग आहे, आणि जितका मोकळा भाग लांब तितकी ती स्प्रिंग मऊ. लांबी दुप्पट, तर कडकपणा निम्मा. हत्यार कठीण लाकडात शिरलं की पट्टा किंचित ताणतो, बाहेर आलं की परततो. ही चूक भारावर अवलंबून असते. भार लाकडाच्या गाठीगाठीला बदलतो, म्हणून तिचा आगाऊ हिशोब करता येत नाही. तरीही पट्ट्याला कमी लेखू नये. तो हलका, स्वस्त, शांत असतो, भुशाला दाद देत नाही, आणि घुमण्याचा प्रश्नच नाही. २०११ साली लोकांसमोर आलेल्या शेपोको या स्वस्त, खुल्या रचनेच्या राउटरनं पट्ट्यावरच हजारो लोकांना हे विश्व उघडून दिलं. त्याच नावाच्या पुढच्या, जड कामाच्या यंत्रांत बॉल स्क्रू आला, हेही तितकंच बोलकं आहे.

अनंत त्रिज्येचं चाक

गिअरचं चाक मोठं मोठं करत जा. त्याची कड कमी कमी वळलेली दिसेल. त्रिज्या अनंत झाली की कड सरळ होते, आणि हाती येतो रॅक. त्यावर पिनियन हे छोटं दातेरी चाक लोळतं. निलगिरीच्या डोंगरात मेट्टुपाळयम ते उदगमंडलम या रेल्वेमार्गावर, कल्लार ते कुन्नूरच्या तीव्र चढात, रुळांच्या मधोमध बसवलेला असाच दातेरी रॅक पकडून इंजिन वर चढतं. राउटरमध्ये रॅक चौकटीला स्थिर असतो आणि मोटर हत्याराबरोबर प्रवास करते.

याचा अद्वितीय गुण असा, की लांबी वाढली म्हणून तो मऊ होत नाही. पट्टा लांब झाला की ताणतो, स्क्रू लांब झाला की घुमतो. रॅकमध्ये मात्र जोर पिनियन जिथे टेकला आहे तिथल्या दातातच लागतो, मग रॅक एक मीटर असो की सहा. तुकड्याला तुकडा जोडत न्यावं. प्लायवूडचा अख्खा ८ बाय ४ फुटांचा तक्ता कापायचा असेल तर बहुतेक मोठी यंत्रं रॅकवरच चालतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मेंदूविज्ञान शिकवणाऱ्या टेड हॉल यांना छंद म्हणून प्लायवूडच्या होड्या बांधायच्या होत्या. त्यासाठी केलेल्या खटपटीतून १९९० च्या दशकात शॉपबॉट हे राउटर उभं राहिलं. पुढे एमआयटीच्या फॅब लॅब, म्हणजे कुणालाही वस्तू घडवता याव्यात अशा कार्यशाळा, जगभर निघाल्या, तेव्हा त्यांच्या यंत्रांच्या यादीत हा लाकूडकामाचा मोठा राउटर होता. अशी एक सुरुवातीची फॅब लॅब २००२ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या या आश्रमाचा पायाच हातानं काम करत शिकण्याचा आहे.

रॅकमध्ये एक गणिती पाहुणाही येतो. स्क्रू आणि पट्टा यांच्यात दातांमधलं अंतर पूर्ण मिलिमीटरांत ठरवलेलं असतं. गिअरमध्ये बहुधा व्यास ठरवतात. एक मॉड्यूलचा, म्हणजे दातामागे एक मिलिमीटर व्यासाचा, २० दातांचा पिनियन २० मिलिमीटर व्यासाचा, म्हणून एका फेऱ्यात तो जातो २० गुणिले पाय (π), ६२.८३ आणि पुढे न संपणारे दशांश. यंत्राच्या सेटिंगमध्ये पायचे आकडे लिहून कुठेतरी थांबावं लागतं. सहा-सात आकडे पुरतात, उरलेली चूक लाकडात कधीच दिसत नाही.

हा पिनियन थेट मोटरवर बसवला तर एका पावलाला ०.३ मिलिमीटर आणि जोर अवघा १०० न्यूटन. म्हणून मध्ये पट्ट्याचा एक-तीनचा उतार देतात, म्हणजे मोटरच्या तीन फेऱ्यांना पिनियनचा एक, आणि जोर ३०० न्यूटनवर जातो. दातांमधला प्ले मिटवायला स्प्रिंगनं पिनियन रॅकवर दाबून ठेवतात. दात खाली तोंड करून बसवले की त्यांत भुसा साचत नाही.

आता हे चार हिशोब शेजारी ठेवा. बॉल स्क्रू: ११०० न्यूटन, ५ मिलिमीटर. पट्टा: १५७ न्यूटन, ४० मिलिमीटर. रॅक: १०० न्यूटन, ६२.८ मिलिमीटर. उतार दिलेला रॅक: ३०० न्यूटन, २०.९ मिलिमीटर. जोर आणि अंतर यांचा गुणाकार करून पाहा. उत्तर दर वेळी जवळपास तेच येतं, सव्वासहा ज्यूलच्या आसपास. बॉल स्क्रूमध्ये घर्षणानं किंचित कमी. मोटरनं एका फेऱ्यात दिलेली ऊर्जा तेवढीच आहे. कोणताही दुवा त्यात एक कणही भर घालत नाही, फक्त वाटणी बदलतो.

लाकूड काय मागतं

मग आपल्याला किती वेग हवा? हे लाकूड सांगतं. दोन धारांचं हत्यार मिनिटाला १८,००० फेरे घेतंय, आणि प्रत्येक धारेनं ०.१ मिलिमीटर जाडीचा तुकडा काढायला हवा. म्हणजे हत्यारानं मिनिटाला ३६०० मिलिमीटर पुढे जायला हवं. हळू गेलं तर काम सुबक होईल असं वाटतं, पण घडतं उलटं. धार कापण्याऐवजी घासते, लाकूड काळं पडतं, हत्यार तापून बोथट होतं. कापलेला तुकडा आपल्याबरोबर उष्णता घेऊन बाहेर पडतो. पिठासारखा भुसा पडत असेल तर यंत्र घासतंय, जाडसर ढलपी उडत असेल तर कापतंय. वेग हीसुद्धा लाकडाची गरज आहे.

या वेगासाठी ५ मिलिमीटर चालीच्या स्क्रूला मोटर मिनिटाला ७२० फेरे फिरवावी लागते, १० च्या चालीला ३६०, उतार दिलेल्या रॅकला सुमारे १७२, पट्ट्याला फक्त ९०. वेगानं फिरताना स्टेपरची ताकद ओसरते. म्हणून लांब अक्षांवर १० चालीचा स्क्रू बरेचदा शहाणपणाचा ठरतो.

यातून निवडी आपोआप आकार घेतात. दोन फुटांच्या आतलं यंत्र, एमडीएफ, प्लायवूड, नावाच्या पाट्या, हात राखून खर्च: रुंद पट्टा, आणि उभ्या अक्षाला लीड स्क्रू. तीन-चार फुटांचं यंत्र, सागवान, शिसव, अधूनमधून अ‍ॅल्युमिनियम: बॉल स्क्रू, कारण धातूत कडकपणाला पर्याय नाही. अख्खा तक्ता कापायचा: दोन लांब अक्षांना रॅक, उभ्या अक्षाला बॉल स्क्रू. एकाच यंत्रात दोन प्रकार नांदले तर त्यात काहीच गैर नाही. प्रत्येक अक्षाची लांबी आणि भार वेगळा, मग दुवाही वेगळा.

निवड करताना बाकीचं वास्तवही डोळ्यांसमोर ठेवावं. एक मीटर पोलादी स्क्रू दहा अंशांनी तापला की ०.१ मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेनं फळी रुंदीला याहून कितीतरी जास्त फुगते. चौकट वाकत असेल तर महागडा स्क्रू तिला वाचवू शकत नाही. यंत्र जुळल्यावर लोहचुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावा. हत्यार १० मिलिमीटर एका दिशेनं चालवा, मग तेवढंच परत. काटा किती चुकतो ते पाहा. मग हातानं हत्यार ढकलून पुन्हा पाहा. पहिल्या वाचनात प्ले दिसतो, दुसऱ्यात ताण आणि चौकटीचं वाकणं. आपल्या यंत्राची चूक नेमकी कुठे राहते हे या दोन वाचनांनी कळतं, आणि पुढचा पैसा कुठे घालायचा तेही.

म्हणून पहिल्याच खेपेला निर्दोष यंत्र बांधायचा अट्टहास नको. घरी बांधलेल्या कितीतरी राउटरांनी कापलेलं पहिलं मोठं काम असतं त्यांचेच सुधारित भाग: अधिक घट्ट मोटरपट्टी, अधिक चौकोनी बाजू, नव्या बॉल स्क्रूसाठी नेमक्या भोकांची बैठक. मॉडस्लेच्या लेथपासून अचूकता अशीच वाढत आली आहे. कमी नेमक्या यंत्रानं जास्त नेमकं यंत्र घडवलं, आणि त्यानं पुढचं. आपल्या कामाला चालेल एवढ्या चुकीचा दुवा निवडा, यंत्र उभं करा आणि पहिली फळी कापा. पुढच्या यंत्राचे भाग त्यातूनच निघतील.